वजाबाकीत उरलेला माणूस

वीरगळ खालून वर वाचायचा असतो. जुन्या देवळाच्या आवारात, वेशीजवळ, कधी नुसताच शेताच्या बांधाला टेकवून ठेवलेला हा दगड महाराष्ट्रात इतक्या ठिकाणी आहे, की त्याच्याकडे आपलं लक्षही जात नाही. तळाच्या चौकटीत लढाई असते. गावाच्या गाई वळवून नेणारे चोर, घोडेस्वार, किंवा बोरिवलीजवळच्या एकसरच्या वीरगळांवर आहे तशी वल्ह्यांच्या नौकांची झुंज. नायक त्या चौकटीतच पडतो. वरच्या चौकटीत अप्सरा त्याला उचलून नेतात, त्याच्याही वर तो शिवलिंगापुढे हात जोडून बसलेला असतो, आणि माथ्यावर चंद्र-सूर्य, म्हणजे ते आहेत तोवर ही कीर्ती. रणांगण आहे, स्वर्ग आहे. मधे घर कुठेच नाही. ज्या घरातून तो सकाळी निघाला ते घर, आई, पोरं, बैलं, अर्धी राहिलेली पेरणी, यातलं काही कोरायला पाथरवटाला कुणी सांगितलेलं नव्हतं. बायको दगडावर येते, पण शेजारच्या सतीशिळेवर, आणि तिथेही बहुधा पुरती नाहीच: कोपरात दुमडलेला, बांगड्यांनी भरलेला एक हात. संसाराला दगडावर जागा मिळायची ती संसार संपल्यावर.

हे जुन्या काळचं म्हणून सोडून देता आलं असतं. पण आपली आजची भाषा तपासली तर ती अजून त्याच दगडावर उभी आहे. हुतात्मा, वीरमरण, वीरमाता, वीरपत्नी. यातल्या शेवटच्या शब्दाकडे नीट पाहावं. जिचा नवरा सीमेवर गेला आणि परत आलाच नाही तिला वीरपत्नी म्हणतात. जिचा नवरा वीस वर्षं सीमेवर राहिला, दर वर्षी सुट्टीवर आला, गेला, पुन्हा आला आणि शेवटी ट्रंक घेऊन कायमचा घरी आला, तिच्यासाठी मराठीत शब्द नाही. ‘त्यांचे मिस्टर मिल्ट्रीत होते’ एवढंच. आणि त्या मिस्टरांसाठी ‘माजी सैनिक’ हा सरकारी अर्जातला रकाना. मला म्हणायचं आहे ते एवढंच: आयुष्यभर सैनिकी पेशा करून घरी परतलेल्या, घर जपलेल्या माणसाचं स्मरण कसं करावं याची रीत आपल्याकडे तयार झालेली नाही. आपल्या स्मरणाच्या सगळ्या रीती मृत्यूपासून सुरू होतात, नाहीतर एखाद्या दिवसापासून. अख्ख्या आयुष्यापासून सुरू होणारी एकही नाही.

पहिल्या महायुद्धानंतर इंग्रज सरकारनं हिंदुस्थानात गावोगावी पाट्या बसवल्या. त्यांचा मजकूर कोरडा होता: या गावातून 1914 ते 1919 च्या महायुद्धात इतकी माणसं गेली, त्यांतल्या इतक्यांनी प्राण दिले. दोन आकडे, बस. साम्राज्याला आपल्या माणसांबद्दल फार माया होती असं नाही. भरतीचा हिशेब ठेवण्याची खोड होती. पण त्या खोडीमुळे या पाट्यांवर एक गोष्ट आपोआप उतरली, जी वीरगळावर कधी आली नाही. पहिल्या आकड्यातून दुसरा वजा केला की परत आलेली माणसं मिळतात. साताऱ्याजवळच्या अपशिंगे मिलिटरी या गावाचं नावच लष्करी झालं, त्या गावचे 46 जण पहिल्या महायुद्धात पडले, आणि हा आकडा गाव आजही सांगतं. सांगावाच. पण जे फ्रान्सहून, मेसोपोटेमियाहून परतले, ज्यांनी पुढची तीस-चाळीस वर्षं नांगर धरला, लेकी उजवल्या, रात्री दचकून उठले आणि कुणाला काही सांगितलं नाही, त्यांचा आकडा कुणी सांगत नाही. ते वजाबाकीत उरलेले लोक आहेत.

अशा एका माणसाचं आयुष्य समोर ठेवून हे तपासता येईल, आणि तो माणूस अनामिक नाही, हे मुद्दाम. रामा राघोबा राणे यांचा जन्म 26 जून 1918 चा, कारवारजवळच्या चेंडिया गावचा. वडील पोलीस शिपाई, म्हणून शाळा बदलीच्या गावांप्रमाणे बदलत गेली. 10 जुलै 1940 रोजी ते बॉम्बे इंजिनिअर्समध्ये साधे शिपाई म्हणून भरती झाले, खडकीला तयार झाले, आणि ब्रह्मदेशात आराकानच्या आघाडीवर गेले. तिथे माघारीच्या वेळी मागे राहून कामाच्या वस्तू नष्ट करायची जबाबदारी त्यांच्या तुकड्यांवर आली. न्यायला येणारं आरमार आलंच नाही, तेव्हा जपान्यांची गस्त असलेली नदी ओलांडून त्यांनी माणसांना आपल्या डिव्हिजनपर्यंत परत आणलं. ते हवालदार झाले. 15 डिसेंबर 1947 रोजी त्यांना अधिकारपद मिळालं, सेकंड लेफ्टनंट. आणि त्यानंतर चार महिन्यांच्या आत ते चार दिवस आले ज्यांमुळे आपल्याला हे नाव ठाऊक आहे.

1948 च्या एप्रिलमध्ये नौशेराहून राजौरीकडे जायचं होतं. रस्ता पाडलेल्या झाडांनी अडवलेला, सुरुंगांनी पेरलेला, आणि दोन्ही बाजूंच्या टेकड्यांवर शत्रू. 8 एप्रिलला काम सुरू होताच तोफगोळ्यांचा मारा झाला, राण्यांच्या तुकडीतले दोघे ठार आणि पाच जखमी झाले. जखमींत ते स्वतः होते. ते मागे गेले नाहीत. रणगाड्याच्या पोटाखाली शिरून, त्याच्याबरोबर सरपटत, दोऱ्यांच्या खुणेनं चालकाला थांब-चल सांगत त्यांनी सुरुंग काढले. 9 तारखेला दिवसभर तेच. 10 ला पाइनची पाच मोठी झाडं आडवी, भोवती सुरुंग आणि वरून मशीनगन. ती अडचण दोन तासांत उडवली. 11 ला सतराएक तास काम, आणि चिंगसपर्यंतचा रस्ता मोकळा. दुसऱ्या दिवशी भारतीय सैन्य राजौरीत पोहोचलं. यात लक्षात घेण्यासारखं हे, की परमवीर चक्र मिळवून देणाऱ्या या पराक्रमाचा मजकूर वाचला तर त्यात राण्यांनी कुणाला मारल्याचा उल्लेख येत नाही. तो माणूस रस्ता साफ करत होता. त्यांच्याच दलाच्या, म्हणजे बॉम्बे इंजिनिअर्सच्या, प्रेमिंद्रसिंग भगतांनी 1941 मध्ये अबिसीनियात चार दिवसांत 55 मैलांवरची पंधरा सुरुंगक्षेत्रं साफ करून व्हिक्टोरिया क्रॉस मिळवला होता, तेही याच जातीचं काम. या दलाचं शौर्य हातांनी, सावकाश, मातीत नाक खुपसून करायचं असतं. चित्रपटाला ते सोयीचं नाही.

आता हिशेब. 10 जुलै 1940 ते 25 जून 1968, मेजर म्हणून निवृत्त होईपर्यंत, राण्यांची नोकरी जवळजवळ 28 वर्षांची, म्हणजे दहा हजार दोनशे दिवसांच्या आसपास. निवृत्तीनंतरही फेरनियुक्तीवर ते 1971 पर्यंत सैन्यातच होते. त्या दहा हजारांतले चार दिवस आपण लक्षात ठेवले. आणि दुसरा हिशेब जास्त बोचरा आहे: राजौरीच्या रस्त्यावर ते अविवाहित होते, वय 29. लग्न झालं 1955 च्या फेब्रुवारीत, कारवारकडच्याच मुलीशी. म्हणजे नवरा म्हणून, बाप म्हणून राणे नावाचा जो माणूस होता तो सुरूच झाला आपली गोष्ट संपल्यावर. लग्नानंतरची सोळा वर्षं सैन्यात गेली, आणि त्या सोळा वर्षांत देशानं 1962 पाहिलं, 1965 पाहिलं. त्यानंतर सेवानिवृत्त माणसाचं पुण्यातलं आयुष्य. सगळा मिळून 39 वर्षांचा संसार, आणि पदकाच्या मानपत्रात त्याला जागा नाही, कारण मानपत्र 11 एप्रिल 1948 च्या रात्री संपतं.

याचं मूळ पदकातच आहे असं मला वाटतं. परमवीर चक्रावर चार वज्रं आहेत, मधे राजमुद्रा. वज्र म्हणजे दधीचीच्या अस्थींचं. ऋषीनं देह ठेवला, हाडं दिली, तेव्हा इंद्राला शस्त्र मिळालं. प्रतीक सुंदर आहे, पण ते मेलेल्या माणसाचं प्रतीक आहे, आणि आजवरच्या 21 परमवीरांपैकी 14 जणांना पदक मरणोत्तर मिळालं हे त्या प्रतीकाशी जुळतंच. उरलेल्या सातांचं काय? दधीची हाडं देऊन घरी परतला असता तर पुराणकारांनी त्याचं काय केलं असतं? गंमत अशी की पुराणांना दधीचीचं घर ठाऊक होतं. त्याला पत्नी होती, आणि पिप्पलाद नावाचा मुलगा, जो बापाच्या मागे पिंपळाखाली वाढला आणि मोठेपणी देवांना जाब विचारायला निघाला. माझा बाप तुम्ही नेलात, का? हा प्रश्न कथेत आहे. आपण वज्र उचललं आणि पिप्पलादाला पिंपळाखालीच ठेवलं. पदकाचं चित्र काढलं सावित्रीबाई खानोलकरांनी. जन्मानं स्वित्झर्लंडच्या, विक्रम खानोलकर या मराठी लष्करी अधिकाऱ्याशी लग्न करून इथल्या झालेल्या, संस्कृत आणि पुराणं मनापासून शिकलेल्या. देशाचं सर्वोच्च युद्धपदक एका फौजी अधिकाऱ्याच्या बायकोच्या हातून कागदावर उतरलं. तिच्या स्वतःच्या आयुष्याला मात्र त्या चित्रात शिरकाव नव्हता. 1952 मध्ये तिचा नवरा गेला.

यावर पहिला आक्षेप सरळ आहे. राणे विस्मृतीत गेले असं कोण म्हणतं? कारवारला त्यांचा पुतळा आहे, 2023 मध्ये अंदमानातल्या 21 बेटांना परमवीरांची नावं दिली तेव्हा एक बेट त्यांच्या नावाचं झालं, भारतीय नौवहन महामंडळाच्या एका तेलवाहू जहाजालाही त्यांचं नाव होतं. सगळं खरं. पण ते जहाज पाहा. 1984 मध्ये ते महामंडळाकडे आलं आणि त्याच्या अंगावर रंगवलेलं नाव होतं ‘लेफ्टनंट रामा राघोबा राणे’. त्या वर्षी राणे 66 वर्षांचे होते, हयात होते, आणि मेजर म्हणून निवृत्त होऊन त्यांना सोळा वर्षं झाली होती. जिवंत माणसाचं नाव जहाजाला देताना आपण त्याच्या आयुष्यातली मधली छत्तीस वर्षं काढून टाकली आणि त्याला एप्रिल 48 मध्ये परत नेऊन उभं केलं. यात कुणाचा वाईट हेतू नव्हता, उलट आदरच होता. आदराची आपली सवयच तशी आहे: माणूस त्याच्या चौकटीतून हलता कामा नये. वीरगळावरचा वीर चंद्र-सूर्य असेतो तसाच राहतो. मेजर, मग निवृत्त, मग म्हातारा, मग दवाखान्याच्या रांगेतला असं होत गेलेलं आपल्याला झेपत नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनाचा. संसार सगळेच करतात. कारकून करतो, शिक्षक करतो, एसटीचा कंडक्टर करतो. त्यांच्या कुटुंबवत्सलतेचे पुतळे कुणी मागत नाही. समाजानं असामान्य तेच लक्षात ठेवावं, घरातलं घरानं. राज्यसंस्थेपुरतं मला हे मान्य आहे. चांगला बाप असण्याबद्दल राष्ट्रपती भवनात पदक द्यावं असं कुणी म्हणू नये, दिलं तर भलत्याच माणसांना मिळेल. पण स्मरण हे फक्त राज्यसंस्थेचं काम नाही. आणि सैनिकाच्या बाबतीत ‘सगळेच करतात’ हे खरंही नाही, कारण हा पेशा संसाराच्या विरुद्ध बाजूनं ओढत असतो. वर्षाची साठ दिवस रजा, जवान असेल तर आणखी तीस दिवस नैमित्तिक, तीही युनिटच्या सोयीनं. दिवाळी, बाळंतपण, बापाचं आजारपण यांच्या सोयीनं नाही. फील्डवर कुटुंब नेता येत नाही, पीसला, म्हणजे शांततेच्या ठाण्यावर, क्वार्टर मिळेल तेव्हा मिळेल, आणि बस्तान बसतं न बसतं तोच बदलीचा हुकूम. पत्त्यावर गाव नसतं, ‘द्वारा 56 एपीओ’ असा लष्करी टपालघराचा आकडा असतो. मुलांच्या शाळा सोडल्याच्या दाखल्यांची चळत होते. हा त्रास इतका खरा होता, की सरकारनं 1963 मध्ये बदलीवाल्यांच्या मुलांसाठी मध्यवर्ती शाळांची योजना सुरू केली तेव्हा आरंभ वीस रेजिमेंटल शाळा ताब्यात घेऊन केला. आजची केंद्रीय विद्यालयं ती. एवढ्या ओढाताणीत ज्याचं घर घर म्हणून शाबूत राहिलं त्यानं काहीतरी केलेलं असतं. ते आपोआप होत नाही.

इथे तिसरा आक्षेप उभा राहतो, आणि तो मला सगळ्यांत टोचतो. ज्यानं केलं म्हणता ते त्यानं केलं, की तिनं? नवरा आसामात, काश्मिरात. घरी सासू-सासरे, शेत, गॅसचा नंबर, मुलीची फी, गळकं छप्पर. निधनवार्तेत ‘कर्तव्यदक्ष सैनिक आणि कुटुंबवत्सल पिता’ असं छापून येतं, त्यातलं दुसरं विशेषण अनेकदा त्याच्या बायकोच्या मेहनतीवर मारलेला त्याचा शिक्का असतो. खरंच आहे. म्हणूनच ‘कुटुंबवत्सल’ हा शब्द फुकट वाटू नये, तो तपासून द्यावा. तपासायचा कसा? मनीऑर्डर येत होती एवढ्यानं भागत नाही. पगार पाठवणं हे कर्तव्य, वात्सल्य नव्हे. पाहायचं ते हे: रजेवर आलेला हा माणूस पाहुणा होऊन राहिला की घरचा? पत्रात हुकूम होते की चौकशी? आणि मुख्य म्हणजे कायमचा परतल्यावर त्यानं काय केलं? तोवर बायकोनं घराचा कारभार आपल्या पद्धतीनं बसवलेला असतो, मुलांना आईची परवानगी मागायची सवय झालेली असते. पंधरा-सतरा वर्षांची नोकरी करून जो जवान निवृत्त होतो तो चाळिशीच्याही आत असतो; आयुष्य संपलेलं नसतं, अर्धंच झालेलं असतं. अशा वेळी काही जण घराची बराक करतात. सकाळी पाचला सगळ्यांना उठवायचं, चपला रांगेत, उलट बोलायचं नाही. काही जण मात्र दाराशी आपला हुद्दा उतरवून ठेवतात आणि ज्या घरात आपण उशिरा आलो त्या घराच्या रीती शिकून घेतात. चालवलेलं घर हाती घेण्यापेक्षा त्यात आपल्यापुरती जागा करून घेणं कठीण, आणि ते ज्याला जमलं त्याच्यासाठी तो शब्द राखून ठेवावा. तिचा वाटा तिच्या नावानं सांगूनच.

या टप्प्यावर एक मोह होतो. सुरुंग काढणारे हात आणि घर सांभाळणारे हात एकच, रणांगणावरचा धीर आणि घरातली माया एकाच झऱ्याचं पाणी, असं लिहून टाकावं. लेख गोड होईल. पण ते खोटं आहे. शूर माणूस घरी निर्दय असू शकतो, आणि मायाळू माणूस तोफेच्या आवाजानं कोलमडू शकतो. दोन्हींची उदाहरणं कुठल्याही पेठेत, कुठल्याही पलटणीत मिळतील. ही दोन वेगळी खाती आहेत. एकातली शिल्लक दुसऱ्यात वळती होत नाही. पराक्रमाच्या आधारावर घरातलं चांगुलपण गृहीत धरायचं, हीच तर आपली जुनी चूक. तिच्यामुळेच घराबद्दल वेगळं काही विचारायची गरज कुणाला वाटली नाही. दोन्ही खाती वेगळी आहेत म्हणून साक्षही वेगळी हवी. राजौरीच्या रस्त्याची साक्ष वरिष्ठांनी दिली, ती राजपत्रात आहे. घराची साक्ष घरच्यांनीच द्यायची, आणि ती त्यांना कुणी मागायला हवी.

ती मागण्याच्या जागा आपल्याकडे नाहीत असंही नाही. तेराव्याला येणारी माणसं असतात, गावाची स्मरणिका निघते, शाळेच्या शताब्दीचा अंक निघतो, पेपरात पासपोर्ट फोटोखाली चार ओळी येतात. या सगळ्या जागांवर सैनिकाबद्दल लिहिताना हात आपोआप युद्धांच्या यादीकडे वळतो: पासष्टला होते, एकाहत्तरला होते, अमुक पदक. ती यादी असू द्यावी. पण तिच्याखाली दोन ओळी अशा असाव्यात ज्या फक्त त्याच माणसाबद्दल खऱ्या आहेत. रजेच्या पहिल्या दिवशी तो काय करायचा. काळ्या लोखंडी ट्रंकेवर पांढऱ्या रंगानं लिहिलेल्या त्याच्या नाव-नंबराचं पुढे घरात काय झालं, ट्रंकेत गहू गेले की मुलीची पुस्तकं. निवृत्तीनंतर बँकेच्या दाराशी पहारेकरी म्हणून उभं राहताना त्यानं ते घरच्यांना कसं सांगितलं. यातून हुतात्म्यांचा मान कमी होतो असं कुणी म्हणालं तर ते समजण्यासारखं आहे; गेलेल्याच्या घरानं जे दिलं त्याची बरोबरी नाहीच. तरी एक गोष्ट त्या घरांनाच विचारून पाहावी. गेलेल्या माणसाकडून त्यांचं काय हिरावलं गेलं? मोठं काहीच नाही: ही ट्रंक, ही रजा, हे म्हातारपण. परतलेल्यांचं साधं आयुष्य आपण नोंदलंच नाही, तर न परतलेल्यांनी नेमकं काय गमावलं हे तरी कशावरून मोजणार?

राणे 11 जुलै 1994 रोजी पुण्यात, कमांड हॉस्पिटलमध्ये वारले. खडकी तिथून दूर नाही, त्याच शहराचं दुसरं टोक. भरतीची तारीख 10 जुलै होती. मधे चौपन्न वर्षं आणि एक दिवस गेला.